टारफुला उपटायचा की ज्वारीच पेटवायची?



कापसाच्या भावाचे तीनतेरा वाजलेले, ज्वारीला बाजारात कुणी विचारीत नाही, आणि जिल्हा बैठकीच्या पत्रकात दहशतवादावर लेख कशाला, असे तुम्ही विचाराल. शहाडच्या बैठकीतही हे विचारले गेले. तिथे जमले होते ते सगळे आपलेच लोक. कुणी चाळीसगावकडचा, कुणी परतूरचा, कुणी दारव्ह्याचा. कोरडवाहू रान दोन भावांना पोसेना, म्हणून एक गावी कापूस पिकवतो आणि दुसरा शहाडला येऊन राहिला, जिथे लाकडाच्या लगद्यापासून रेयॉनचा धागा निघतो. कापूसवाल्याचा पोरगा कापसाच्या सवतीच्या दारी! असो, तो विषय वेगळा.

शहाड, कल्याण, ठाकुर्ली, डोंबिवली ही लोकलची ओळीने चार स्टेशने. २०१४ च्या मे महिन्यात कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर इराकला गेले आणि स्वतःला 'इस्लामिक स्टेट' म्हणवणाऱ्या टोळीला जाऊन मिळाले. २२ एप्रिल २०२५ रोजी काश्मीरात पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात २६ माणसे धर्म विचारून गोळ्या घालून मारली, त्यात तिघे डोंबिवलीचे होते. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण मारेकऱ्यांच्या टोळीत भरती होणारे आणि मारेकऱ्यांच्या गोळीने मरणारे, दोन्ही टोके या चार स्टेशनांत सापडतात. शहाडच्या खोलीत राहणारा आपला भाऊ रोज याच गाडीला लोंबकळतो. प्रश्न त्याचा आहे. आणि लेखाच्या शेवटी दिसेल, की गावी राहिलेल्या भावाचाही आहे.

बॉम्ब फुटला, गोळीबार झाला, की दुसऱ्या दिवशी इंडियात वादाचे फड रंगतात. एका फडात विद्वान बसतात. ते सांगतात, दहशतवादाचे मूळ गरिबीत आहे, बेकारीत आहे, अन्यायात आहे. मुळावर इलाज करा, बाकी आपोआप थांबेल. दुसऱ्या फडात शूरवीर बसतात. ते सांगतात, कारण विचारणारा माणूसच शत्रूचा हस्तक. कडक कायदा करा, पकडा, आत टाका, कोर्टकचेरीची भानगड नको. दोन्ही फडांत बोलणाऱ्यांपैकी कुणाचे सोयाबीन गोदामात पडून नसते आणि कुणाचा मुलगा सकाळच्या कसारा लोकलला नसतो, त्यामुळे वाद कितीही दिवस चालू शकतो.

आधी विद्वानांचे पाहू. आम्ही शेतीशास्त्र शिकलो, समाजशास्त्र नाही. पण साधा हिशेब आम्हाला येतो. गरिबीतून दहशतवादी निपजत असते, तर या देशातली सगळ्यात मोठी दहशतवादी छावणी यवतमाळात निघायला हवी होती. १९ मार्च १९८६ रोजी त्या जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने बायको आणि चार मुलांसह जीव दिला. तेव्हापासून आजवर महाराष्ट्रात किती शेतकरी गेले त्याची मोजदाद सरकार करते आणि देशात आपला नंबर पहिला लागतो. यातल्या कुणी बँकेच्या दारात स्फोट केला? कुणी भाव पाडणाऱ्या मंत्र्याच्या गाडीखाली सुरुंग लावला? कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्याने विषाचा डबा उचलला तो स्वतःच्या तोंडाला लावला. त्याच्याइतका अन्याय सोसलेला माणूस शोधून दाखवा. आणि कल्याणहून इराकला गेलेल्या चौघांत अभियांत्रिकी शिकणारे होते. उपाशी मरण्याची पाळी त्यांच्यापैकी कुणावर आली नव्हती. तेव्हा गरिबीला दहशतवादाची आई ठरवणे हा गरिबाचा अपमान आहे. तो अपमान गरिबाच्या नावाने, त्याच्याविषयीच्या कळवळ्याने केला जातो, म्हणून आम्हाला जास्त झोंबतो.

मग कारण नसतेच का? शूरवीर म्हणतात तसे, काही माणसे जात्याच राक्षस, संपला विषय? तेही खरे नाही. ज्वारीवाल्यांनी इथे टारफुला आठवावा.

टारफुल्याचे बी धुळीसारखे बारीक. एका झाडाला हजारोंनी येते आणि वर्षानुवर्षे जमिनीत निपचित पडून राहते. ज्वारीचे मूळ जवळ आले, त्या मुळातून पाझरणारा रस लागला, की ते जागे होते, मुळाला चिकटते आणि ज्वारीचे अन्न आपल्याकडे ओढते. जमिनीच्या वर टारफुला दिसतो तोवर खाली निम्मे नुकसान झालेले असते. हलक्या, भुकेल्या, नत्र कमी असलेल्या रानात त्याचा जोर जास्त. पण रान हलके आहे म्हणून टारफुला जन्मत नाही. बी कुठून तरी आलेले असते: शेजारच्या बांधावरून, शेणखतातून, वाहत्या पाण्यातून. फक्त रानाला दोष देणारा फसतो आणि फक्त वरचे झाड उपटणारा फसतो. फुलावर येण्याआधी उपटले तर उपयोग. बोंडे पिकल्यावर उपटले तर उपटणाराच बी पसरवतो. आणि एक गंमत पाहा. त्याच रानात कापूस घेतला तर टारफुल्याचे बी फसते. कपाशीच्या मुळाच्या वासाने ते उगवते, पण कपाशीवर त्याला जगता येत नाही, ते मरून जाते. पिकांची फेरपालट करा म्हणून आम्ही ओरडतो त्यामागे हेही एक कारण आहे.

इथे एक गोष्ट बजावून सांगतो. माणसे म्हणजे टारफुला नव्हेत. एखाद्या जातीला, एखाद्या धर्माच्या लोकांना तण म्हणणारा उद्या विळा घेऊन बाहेर पडतो. तण आहे तो विचार: समोरचा माणूस माणूस नाही, त्याला मारले तर पाप नाही, हा. हे बी पेरणारे असतात, त्यांच्याकडे पैसा असतो, हत्यारे असतात, सीमेपलीकडून पाठबळ असते. त्यांना पकडणे, मारायला आले तर मारणे, हे सरकारचे पहिले काम. आमच्या मते ते एकच काम सरकारने नीट केले तरी पुष्कळ झाले. कापूस कुठे विकावा, साखर किती पाडावी, कांदा देशाबाहेर जाऊ द्यावा की नाही, या शंभर कामांत सरकार नाक खुपसते, आणि बैसरनच्या कुरणात माणसे मरत असताना तिथे एक शिपाई नसतो. तिथे बंदूकवाल्याशी झटला तो एक स्थानिक घोडेवाला, मुसलमान, आणि तोही मेला.

आता रानाची गोष्ट. आपल्या चळवळीला पंजाब जवळून ठाऊक आहे. १९८४ च्या मार्चमध्ये तिथल्या भारतीय किसान युनियनने चंडीगडला राज्यपालांच्या निवासाला घेराव घातला. शरद जोशी तिथे गेले होते. पिकाला भाव द्या, विजेचे पाहा, अशा मागण्या. हजारो शेतकरी रस्त्यावर झोपले, आणि बंदूक कुणी काढली नाही. त्यात शीखही होते, हिंदूही होते. हे आंदोलन दिल्लीला समजले असते, तर पंजाबचा प्रश्न हा पिकवणाऱ्याच्या लुटीचा प्रश्न आहे हेही समजले असते. पण गव्हाच्या भावावर बोलणे दिल्लीला परवडणारे नव्हते, कारण तो भाव दाबूनच शहरांची रेशन दुकाने चालत होती. धर्मावर बोलणे परवडत होते. अकाली पुढाऱ्यांनाही तेच सोयीचे. ३ जूनपासून पंजाबातून धान्य बाहेर जाऊ देणार नाही अशी त्यांनी हाक दिली, त्याच दिवसांत लष्कर पंजाबात शिरले, आणि सुवर्णमंदिरात जे झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. शेतकऱ्याच्या रानात धर्माचे बी पेरले गेले ते असे. त्यापुढच्या आठ-नऊ वर्षांत बंदूकवाल्यांनी बसमधून उतरवून हिंदू मारले, आणि खेड्यापाड्यांतले शीख शेतकरी तर त्याहून जास्त मारले. आग पुण्यापर्यंत आली. निवृत्त लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांना १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात गोळ्या घालण्यात आल्या.

हे थांबले कसे? पोलिसांनी बंदूकवाले मोडून काढले हे खरे, आणि त्या भरात कित्येक निरपराध तरुण नाहीसे केले गेले हेही खरे. पण आणखी एक गोष्ट झाली तिच्याकडे कुणी पाहत नाही. १९९२ च्या फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा चार मतदारांतला एकच जेमतेम बाहेर पडला. १९९३ च्या जानेवारीत ग्रामपंचायतींची निवडणूक झाली तेव्हा गावेच्या गावे मतदानाला आली. गावाने बंदुकीकडे पाठ फिरवली, तेव्हा बंदूक उघडी पडली.

आपल्याकडच्या गडचिरोलीतही हेच. १९८० च्या सुमारास नक्षलवादी जंगलात शिरले ते तेंदूपानाच्या भावाचा प्रश्न घेऊन. ठेकेदार आदिवासीला कवडीमोल देत होता आणि वनखाते ठेकेदाराच्या बाजूला होते. प्रश्न खरा होता, आणि तो सोडवण्याची बुद्धी ना मुंबईला झाली ना नागपूरला. मग ज्यांनी तो हाती घेतला त्यांनी त्यावर आपले बी पेरले. पुढे त्याच नक्षलवाद्यांनी ठेकेदाराकडून खंडणी घेतली, खबऱ्या ठरवून आदिवासीच मारले, आणि १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ सुरुंग लावून १५ पोलीस आणि एक गाडीचालक उडवला. ते पोलीस कुणाची पोरे? कोरडवाहू शेतकऱ्यांचीच. आता दुसरी बाजू पाहा. याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा वाहतूक परवाना गावाच्या हाती आला. त्यासाठी गावाने बंदूक उचलली नाही, वर्षानुवर्षे ग्रामसभा भरवली. सरकारने हा हक्क १९८० सालीच का दिला नाही, हे विद्वानांनीही विचारले नाही आणि शूरवीरांनीही नाही.

तेव्हा आमचे म्हणणे असे. अन्याय दूर करायचा तो बॉम्बला घाबरून नव्हे. बॉम्ब फुटो न फुटो, तो अन्याय आहे म्हणून दूर करायचा. आणि बॉम्ब टाकणाऱ्याला शिक्षा करायची ती त्याने बॉम्ब टाकला म्हणून. त्याच्या गावाने, जातीने, धर्माने त्याच्यासारखे नाव ठेवले म्हणून नव्हे. ही दोन कामे वेगवेगळ्या खात्यांची आहेत आणि दोन्ही एकाच वेळी करायची आहेत. ज्याला ही दोन खाती वेगळी ठेवता येत नाहीत त्याने दहशतवादावर बोलू नये.

आता कडक कायद्यांचे पीक किती आले ते मोजू. १९८५ मध्ये 'टाडा' आला. १९९५ मध्ये तो संपू देण्यात आला. १९९४ च्या मध्यापर्यंत देशभरात ७६ हजारांवर माणसे त्याखाली पकडली गेली. शिक्षा झाली ती शंभरात दोघांनाही नाही. शंभर दाणे पेरून दोन कणसे हाती येणारे बियाणे कुणा कंपनीने आपल्याला विकले असते, तर आपण तिच्या दुकानाला कुलूप ठोकले असते. गुजरातेत तर दहशतवादाचे नावनिशाण नसताना हजारो लोक टाडाखाली डांबले.

लोकलवाल्यांच्या जिव्हाळ्याचे उदाहरण घ्या. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात स्फोट झाले, १८९ माणसे मेली. मोक्का लावला, कबुलीजबाब झाले, २०१५ मध्ये १२ जणांना दोषी ठरवून पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्या बारांना निर्दोष ठरवले. सरकारपक्ष गुन्हा सिद्ध करण्यात साफ अपयशी ठरला, असे न्यायालय म्हणाले. सरकार सर्वोच्च न्यायालयात धावले. त्या न्यायालयाने, हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, एवढे सांगितले. सुटलेल्यांना परत आत जायला सांगितले नाही. दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटाचा निकाल लागला. तिथे सहा माणसे मेली होती. सातही आरोपी पुराव्याअभावी सुटले. पहिल्या निकालावर हळहळणारे दुसऱ्यावर पेढे वाटत होते, आणि पहिल्यावर पेढे वाटणारे दुसऱ्यावर छाती बडवत होते. मेलेल्या १८९ आणि सहा जणांना मारले कुणी, हे विचारायला दोन्हीकडे कुणाला सवड नव्हती. एकोणीस वर्षांनी आणि सतरा वर्षांनी उत्तर: माहीत नाही. खरा मारेकरी पकडला जाईपर्यंत निरपराध आत बसला तर मारेकरी बाहेर असतो, इतके साधे गणित शूरवीरांच्या डोक्यात शिरत नाही. कडक कायदा पोलिसाला आळशी बनवतो. पुरावा गोळा करण्याची गरज उरली नाही की तो गोळा करीत नाही.

याच्या उलट २६ नोव्हेंबर २००८ पाहा. सातारा जिल्ह्यातल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे हाती नुसती लाठी घेऊन गिरगाव चौपाटीवर कसाबला भिडले, गोळ्या झेलल्या, पण त्याला जिवंत पकडून दिला. खटला उघड न्यायालयात चालला, दीड वर्षात निकाल लागला. कसाबला फाशी झाली आणि त्याच खटल्यातले दोन भारतीय आरोपी पुरावा नाही म्हणून सुटले. सर्वोच्च न्यायालयापर्यंत दोन्ही गोष्टी टिकल्या. जगापुढे पाकिस्तानला तोंड लपवावे लागले ते त्या पुराव्यामुळे. कसाबला चौपाटीवरच मारून टाकला असता तर तो कोण, कुठला, कुणी धाडला, यावर आजही वाद चालू राहिला असता.

आणि आता गावी राहिलेल्या भावाचा प्रश्न. जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळाने महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. कडव्या डाव्या संघटनांना आवर घालण्यासाठी, असे सांगितले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ऑक्टोबरात, माओवाद्यांचा एक सर्वात वरचा नेता साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. तण सुकत आले असताना नवा फवारा कशाला? २०२४ च्या मूळ मसुद्यात बेकायदा कृत्याची जी व्याख्या आहे ती वाचा. प्रस्थापित कायद्याची आणि त्याच्या संस्थांची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे किंवा तसा प्रचार करणे हेही त्यात येते. जामीन नाही, शिक्षा सात वर्षांपर्यंत.

कायद्याची अवज्ञा! भावांनो, आपली सारी चळवळ दुसऱ्या कशावर उभी राहिली? सत्तरच्या दशकात ज्वारीवर लेव्ही होती. स्वतःची ज्वारी शेजारच्या जिल्ह्यात नेली तर शेतकरी गुन्हेगार. कापूस एकाधिकार खरेदीत स्वतःचा कापूस सीमेपलीकडे गुजरातेत किंवा मध्य प्रदेशात विकायला नेला तर तो तस्कर. ते कायदे अवज्ञा करूनच मोडले. १९८६ च्या डिसेंबरात कापसाच्या आंदोलनात सुरेगावला पोलिसांच्या गोळीने तीन शेतकरी मेले, तेव्हाही सरकारच्या भाषेत दंगलखोर आपणच होतो. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहागीरला शेतकऱ्यांनी बंदी असलेले तणनाशक-सहनशील कपाशीचे बियाणे सगळ्यांना सांगून, दिवसाढवळ्या पेरले. गुन्हे दाखल झाले, पेरणाऱ्यांनी ते अंगावर घेतले. २०२०-२१ मध्ये दिल्लीच्या वेशीवर बसलेल्या पंजाबच्या शेतकऱ्यांना खलिस्तानी म्हटले गेले. त्या तीन कायद्यांबाबत आमचे मत आंदोलकांपेक्षा वेगळे होते आणि आहे. पण १९८४ साली भाव मागणाऱ्याला फुटीर ठरवण्याचा जो उद्योग दिल्लीने केला तोच पुन्हा होताना पाहून आमच्या अंगावर काटा आला.

सरकार म्हणेल, हा कायदा तुमच्यासाठी नाही. टाडाही गुजरातच्या लोकांसाठी नव्हता. कायदा करणाऱ्याचा हेतू कायद्यात लिहिलेला नसतो, शब्द लिहिलेले असतात, आणि ते शब्द वाचणार तालुक्याचा फौजदार.

उघडपणे कायदा मोडून शिक्षा भोगणारा आणि लपून बॉम्ब ठेवून पळणारा, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिला सरकारला सांगतो, मी इथे आहे, मला पकड. दुसरा निरपराधाच्या मढ्यामागे लपतो. या दोघांना एकाच व्याख्येत बसवणारा कायदा पहिल्याचा रस्ता बंद करतो. आणि मग चिडलेल्या, भाव न मिळालेल्या पोरांना कुणी येऊन कानात सांगेल, पाहा, सत्याग्रहाने काही होत नाही. टारफुल्याला कपाशीने फसवावे तसे आपल्या चळवळीने आजवर या पोरांना बंदुकीपासून राखले. संताप उगवला, पण रस्ता रोको करून, तुरुंगात भाकरी खाऊन घरी आला. ही फेरपालट सरकारनेच मोडली, तर पुढच्या हंगामात उगवेल त्याचा जाब आम्हाला विचारू नका.

येत्या महिन्यातल्या तालुका बैठकांत तीन गोष्टी व्हाव्यात. जनसुरक्षा विधेयकातली व्याख्या मोठ्याने वाचावी आणि तिच्या शेजारी आपल्या गेल्या दहा वर्षांतल्या आंदोलनांची यादी वाचावी. अवज्ञेचे कलम वगळावे असा ठराव करून आमदाराच्या हाती द्यावा, टपालाने नको. २००६ आणि २००८ च्या स्फोटांचा तपास पुन्हा नव्याने, राजकारण्यांच्या सावलीबाहेर व्हावा, असा दुसरा ठराव करावा. तो शहाडच्या बैठकीने आधीच केला आहे आणि त्याची नक्कल प्रत्येक तालुका प्रमुखाकडे पोचेल. तिसरी गोष्ट, गावात कुणी मुसलमान, दलित, आदिवासी शेतकरी असेल त्याला या बैठकीचा निरोप आठवणीने द्यावा. कापसाच्या आंदोलनात तो आपल्याबरोबर होता. ठरावावर सह्या घेताना गाव आणि पिकाखालचे क्षेत्र लिहावे. अंगठा चालेल.